या चुका टाळा: मूसच्या रानात अस्वल भेटतं तेव्हा

दर सप्टेंबरात मूसच्या, म्हणजे घोड्याएवढ्या थोराड हरणाच्या, शिकारीला निघालेल्या ओळखीच्या मंडळींचे एडमंटनमधून (कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातलं शहर) फोन सुरू होतात. हंटर एज्युकेशनचा, म्हणजे नवशिक्या शिकाऱ्यांचा, कोर्स झालेला असतो, रायफल नवी कोरी असते, व्हिडिओ बघून बघून डोळे लाल झालेले असतात. विचारायचं असतं ते काडतुसांचं आणि दुर्बिणीचं. अस्वलाचं कोणी विचारत नाही. मीच विषय काढला तर "बंदूक असतेच की हातात" म्हणून मोकळे.

मी सांगलीचा. भारतात १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद, त्यामुळे बंदूक हातात धरली ती थेट अल्बर्टात आल्यावर. वाघ पाहिला होता तो सर्कशीत. तेव्हा खाली लिहिलेल्यातल्या निम्म्या चुका माझ्या स्वतःच्या आहेत, हे आधीच सांगतो.

रानातलं अस्वल सहसा माणसाला टाळतं, कारण माणूस येतोय हे त्याला लांबूनच कळतं. फिरायला आलेली माणसं बडबडतात, हसतात, डबे वाजवतात. शिकारी याच्या बरोबर उलट वागतो. उजाडता-मावळताना निघतो, वाऱ्याच्या तोंडावर चालतो म्हणजे अंगाचा वास पुढे जात नाही, पाऊल वाजू देत नाही, वर मूसच्या मादीचा आवाज काढून नराला बोलावतो. तो आवाज काय फक्त नरच ऐकतो? त्यात हे दिवस अस्वलांच्या खादाडीचे. गुहेत शिरण्याआधी चरबी साठवायची म्हणून ती दिवसाला वीस-वीस हजार कॅलरी पोटात ढकलत असतात. मूसला हाक घालताना पाठीमागे जाड खोड किंवा पडलेला ओंडका ठेवा. एवढं केलंत तरी पुष्कळ.

आता माझी आवडती चूक. आवडती म्हणजे दरवर्षी कोणीतरी करतोच अशी.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही दोघं स्वान हिल्सच्या बाजूला गेलो होतो. एडमंटनहून वायव्येला दोनेकशे किलोमीटर. हा ग्रिझलीचा, म्हणजे मोठ्या तपकिरी अस्वलाचा, मुलूख, हे आम्हाला माहीत होतं. जोडीदार पुण्याचा, म्हणजे त्याला सगळंच माहीत होतं. संध्याकाळी उजेड संपता संपता त्यानं मूस पाडला. परवान्याचा टॅग लावला, पोट फाडलं, कोथळा तिथेच काढला. एवढ्या मोठ्या जनावराचे तुकडे करायला दोघांना तीन तास सहज लागतात. दोन फरे आणि पाठीचं मांस आम्ही कसंबसं गाडीपर्यंत नेलं. मागच्या दोन्ही मांड्या राहिल्या. मी म्हटलं, निदान शंभर मीटर लांब ओढून ठेवू, जिथे लांबून दिसतील अशा मोकळ्या जागेत. तो म्हणाला, "अरे, थंडी पडलीये, रात्रभरात काय होतंय? सकाळी चहा घेऊन येऊ." मीही दमलो होतो. ऐकलं त्याचं. मांड्या कोथळ्यापासून दहा पावलांवर, दाट विलोच्या झुडपांत.

सकाळी आम्ही कसे गेलो? शिकाऱ्यासारखे. गुपचूप, वाऱ्याच्या तोंडावर, रायफली खांद्याला. शंभरेक पावलं उरली असतील, तेव्हा मला स्प्रूसच्या शेंड्यांवर डोमकावळे दिसले. सात-आठ होते, ओरडत होते, पण एकही खाली उतरत नव्हता. कोथळा उघडा पडलाय आणि कावळा झाडावर बसलाय, हे कुठल्या पिंडाला तरी घडेल का? मी थांबलो. हा पुढे निघालेला. त्याच्या जॅकेटची कॉलर धरून मागे ओढला.

दुर्बिणीतून पाहिलं तर मांड्या जागेवर नव्हत्या. तिथे माती, शेवाळ आणि तोडलेल्या फांद्यांचा ताजा ढीग होता. ग्रिझली खाणं असं पुरून ठेवतं आणि जवळच आडवं पडतं. ढिगामागची झुडपं हलली, जबडा आपटल्याचा टक-टक आवाज आला, मग फुत्कार. खांद्यावरचं वशिंड दिसलं तेवढं पुरे झालं. (रंगावर जाऊ नका, 'काळं अस्वल' म्हणतात त्या दुसऱ्या जातीतही तपकिरी निघतात. वशिंड बघा.) आम्ही त्याच्याकडे तोंड ठेवून, शांत आवाजात काहीबाही बोलत, पाऊल पाऊल मागे सरलो. मी बहुतेक मराठीतच बोलत होतो. ते आलं नाही. मांड्या त्याच्या झाल्या. असा ढीग दिसला की मांसावरचा हक्क सोडायचा, वाद घालायचा नाही.

तेव्हापासून माझा रिवाज असा: गोळी सुटली की चोरपावलं बंद. मोठ्यानं बोलायचं. एक जण कापतो, दुसरा हात न लावता उभा राहून चारी बाजूंना बघतो. मांस आधी कोथळ्यापासून लांब, मग पाठीवर. काही ठेवायचंच झालं तर भडक फीत बांधून उघड्यावर, आणि सकाळी वारा पाठीवर घेऊन, आरडाओरडा करत, उंचावरून आधी दुर्बिणीनं बघत जायचं. अंधारात परत जायचं नाही. आणि एकट्यानं मूस पाडायचाच नाही. हे ऐकून नवशिके तोंड वाकडं करतात, कारण त्यांना रविवारी संध्याकाळी घरी पोचायचं असतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. कूगर (इथलं बिबट्यासारखं मोठं मांजर) दिसला की पळणं: पळू नका, पाठ दाखवू नका, खाली वाकू नका, अंगावर आलाच तर हाणा. झाडावर चढणं: काळं अस्वल तुमच्यापेक्षा चांगलं चढतं. नोव्हेंबरात अस्वलं झोपली असतील असं धरून चालणं: सगळी एकाच दिवशी झोपत नाहीत. एका कानात इअरबड: असल्या माणसाला मी बरोबर नेत नाही. पिलांमुळे किंवा दचकून ग्रिझली अंगावर आलं आणि पाडलंच, तर पालथं पडून मानेमागे हात घट्ट गुंफा, सॅक पाठीवरच राहू द्या; पण कुठलंही अस्वल माग काढत खायच्या इराद्यानं आलं, तर मेल्याचं सोंग करू नका, जिवानिशी लढा.

आणि बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाच्या तोंडावर मारायचा तिखटाचा फवारा. तो सॅकच्या तळाशी का असतो, हे मला अजून कळलेलं नाही. अस्वल ताशी ५० किलोमीटरनं येऊ शकतं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. चेन उघडेपर्यंत विषय संपला. "बंदूक आहे की" म्हणणाऱ्यांसाठी: अलास्कातल्या घटनांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, त्यात स्प्रेनं दहातली नऊ अस्वलं थोपवली होती. धावत्या अस्वलावर थरथरत्या हातानं नेम धरण्यापेक्षा ढग उडवणं सोपं. बाटली पट्ट्याला किंवा छातीवर, क्लिप अंगठ्यानं काढायचा सराव घरी, मुदत तपासलेली. कडक थंडीत दाब उतरतो, म्हणून मी ती जॅकेटच्या आत ठेवतो.

तो अस्वलाच्या तोंडावर मारायचा असतो, हेही सांगावं लागतं. एका महाभागानं मागे ओडोमॉस समजून तंबूभोवती शिंपडला होता. त्या रात्री आम्ही तिघं गाडीत झोपलो, काचा खाली करून.