ट्रान्समचं कुजलेलं प्लाय काढून ओतीव कंपोझिट भरताना

फायबरच्या होडीचा ट्रान्सम, म्हणजे आउटबोर्ड मोटर जिच्यावर बसते ती मागची भिंत, बाहेरून धड दिसते आणि आतून लगदा झालेली असते. दोन फायबरच्या थरांमध्ये साधारण ३८ मिमी प्लाय असतं. मोटरचे बोल्ट आणि तळाचं बुचाचं भोक नीट सील केलेलं नसलं की पाणी तिथूनच आत शिरतं.

आधी खात्री करा. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. मोटर वर उचलून तिच्या पायावर वजन टाका. ट्रान्समची वरची कड हलली किंवा कोपऱ्यात जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत रंगीत थराला, चिरा दिसल्या तर शंका पक्की. मग आतल्या बाजूने, तळाजवळ ६ मिमीचं भोक पाडा. भुसा काळपट आणि ओला आला तर प्लाय गेलं. तळाच्या आडव्या-उभ्या पट्ट्याही तशाच तपासा. त्या कुजलेल्या असतील तर नुसता ट्रान्सम भरून भागणार नाही.

ओतीव कंपोझिट म्हणजे पॉलिएस्टर रेझिनमध्ये तुकडे केलेले काचतंतू किंवा सिरॅमिकचे सूक्ष्म गोळे. अमेरिकेत ते तयार बादल्यांत मिळतं. नुसतं रेझिन कधीही ओतू नका. एवढ्या जाडीत ते तापतं आणि तडकतं. मापाचा हिशोब सोपा आहे. रुंदी १८० सेंमी, उंची ५० सेंमी, जाडी ३.८ सेंमी असेल तर ३४ लिटर लागतं. दहा टक्के जादा धरून ३८ लिटर हाताशी ठेवा. मध्येच माल संपला तर दोन ओतांमध्ये सांधा राहतो, आणि मोटरचा ताण नेमका त्या सांध्यावर येऊ शकतो.

मोटर उतरवा, वरची पट्टी काढा आणि दोन थरांमधलं प्लाय चेन सॉने वरून खाली खोदून काढा. टोक फायबरला अडकलं तर करवत अंगावर उसळते, म्हणून दोन्ही हातांनी पक्की धरा आणि घाई करू नका. कोपरे आणि तळ लांब छिन्नीने साफ करा.

खरं काम इथेच आहे. ट्रान्समची ताकद नुसत्या भरलेल्या मालात नसते, तो माल दोन्ही थरांना किती घट्ट धरतो त्यात असते. लाकडाचं एक पापुद्रंही राहिलं तर माल त्या पापुद्र्याला चिकटतो, फायबरला नाही. लांब पट्टीला ४० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून आतली भिंत स्वच्छ, खरखरीत फायबर लागेपर्यंत घासा, धूळ ओढून घ्या आणि ॲसिटोनने पुसा. पूर्वी कुणी इपॉक्सीने डागडुजी केली असेल तर तो थर पूर्ण घासून काढा. पॉलिएस्टर त्यावर नीट धरत नाही. पोकळी पूर्ण वाळू द्या. कोकणात म्हणूनच हे काम होडी शाकारायच्या आधी, कोरड्या दिवसांत उरकलेलं बरं. पावसाळी हवेत आतला ओलावा जात नाही.

आता भोकं बंद करा. बुचाच्या जागी वॅक्स लावलेला पाइप बसवा. बाहेरून-आतून जाड फळ्या टेकवून शिकंजे आवळा आणि मध्ये ३८ मिमीचे ठोकळे ठेवून जाडी सारखी राखा. आधार हलका समजू नका: पाण्याइतकी घनता धरली तरी वरच्या मापाच्या ट्रान्समवर आतून सव्वादोनशे किलोचा दाब येतो आणि बाहेरचा थर पोट काढतो. माल वर चढत जाईल तसे ठोकळे काढून घ्या.

हार्डनर, म्हणजे रेझिन जमवणारं रसायन, लेबलवरच्या मापानेच घ्या, सहसा रेझिनच्या १ ते २ टक्के. कोबाल्ट (जमण्याचा वेग वाढवणारं रसायन) वेगळा घालायचा असेल तर तो आधी रेझिनमध्ये मिसळा. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. गॉगल, हातमोजे आणि सॉल्व्हंटच्या वाफेसाठीचा मास्क घाला. हार्डनर डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा. आदल्या दिवशी एका कपात नमुना जमवून किती मिनिटं मिळतात ते पाहा. उन्हाळ्यात पहाटेच ओता.

एकाने मिसळायचं, दुसऱ्याने ओतायचं. मिसळायच्या ड्रिलचा वेग कमी ठेवा म्हणजे हवा भरणार नाही, आणि बादलीच्या कडा-तळ खरवडून घ्या; न मिसळलेला भाग कायम मऊ राहतो. एका कोपऱ्यातून ओतत राहा, बाहेरून रबरी हातोडीने ठोकत हवा वर काढा. जमताना भिंत गरम लागते, ते अपेक्षित आहे. माल खाली बसला तर ताज्या मिश्रणाने वरपर्यंत भरा.

चोवीस तास हात लावू नका. मग वरच्या कडेवर काचतंतूंच्या ४५० ग्रॅमच्या मॅटचे, रेझिनमध्ये भिजवून, दोन-तीन थर द्या. मोटरचे बोल्ट बसवताना भोकाच्या तोंडाला थोडा उतार द्या म्हणजे जेलकोट तडकणार नाही, आणि पॉलियुरेथेन सीलंट भरपूर लावा. नवा माल कुजत नाही, पण पाणी थरामागे शिरलं तर चिकटाव सुटू शकतो.