रजिस्ट्रार बंद होत असल्यास डोमेन कसे हलवावे

रजिस्ट्रार, म्हणजे ज्या कंपनीकडे आपण डोमेन नोंदवतो ती, व्यवसाय बंद करत असल्याची सूचना आली, की बहुतेक जण नवा रजिस्ट्रार गाठून लगेच ट्रान्सफरचे पैसे भरतात. ही घाई समजण्यासारखी असली, तरी डोमेनची नोंदणी आणि त्याचे डीएनएस (डोमेनचे नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे सांगणारी व्यवस्था) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही एकाच कंपनीकडे असल्यामुळे हा फरक सहसा लक्षात येत नाही. नोंदणी हलली तरी नेमसर्व्हर, म्हणजे ही डीएनएस माहिती पुरवणारे सर्व्हर, बहुधा जुन्याच कंपनीचे राहतात आणि तिने ते बंद केले, की संकेतस्थळ व ईमेल दोन्ही ठप्प होतात. म्हणून आधी डीएनएस हलवावे, मग नोंदणी.

जुन्या पॅनलमधील झोन फाइल (डोमेनच्या सर्व डीएनएस नोंदींची यादी) उतरवून घ्यावी आणि ए, सीनेम, एमएक्स, टीएक्सटी या नोंदी नव्या डीएनएस सेवेत भरून एकेक ताडून पाहाव्यात. सर्वाधिक चुका टीएक्सटी नोंदींत होतात. डीकिमची (ईमेल खरोखर आपल्याच डोमेनवरून आल्याची खात्री पटवणाऱ्या व्यवस्थेची) लांबलचक किल्ली हाताने कधीही टाइप करू नये, कारण तीत एक अक्षर जरी गळले तरी संकेतस्थळ व्यवस्थित चालू राहते आणि आपले ईमेल मात्र लोकांच्या स्पॅममध्ये जाऊ लागतात, ज्याचा पत्ता कित्येक दिवस लागत नाही. जुन्या रजिस्ट्रारची ईमेल फॉरवर्डिंग सेवा वापरत असल्यास तिची पर्यायी व्यवस्थाही आताच करावी. डीएनएससेक (डीएनएस उत्तरांची सत्यता सहीने तपासणारी सोय) चालू असेल, तर आधी रजिस्ट्रारकडे असलेली तिची डीएस नोंद काढून एक-दोन दिवस थांबावे आणि नंतरच नेमसर्व्हर बदलावेत. डॉट कॉमच्या नेमसर्व्हर नोंदींचा टीटीएल (इतर सर्व्हर जुनी माहिती जपून ठेवतात तो काळ) ४८ तासांचा असल्यामुळे तेवढा काळ जुना झोन पुसू नये.

आता नोंदणीकडे वळावे. रजिस्ट्रारकडच्या खात्यातील ईमेल त्याच डोमेनवरचा नाही ना, हे पाहावे, नाहीतर डोमेन ठप्प झाल्यास ट्रान्सफरचे ईमेलही मिळणार नाहीत. मात्र मालकाचे नाव किंवा ईमेल बदलल्यास ६० दिवसांची ट्रान्सफरबंदी लागू शकते, त्यामुळे बदलण्यापूर्वी ती टाळण्याचा पर्याय मिळतो का, याची चौकशी करावी. त्यानंतर ट्रान्सफर रोखणारे लॉक काढून ऑथ कोड, म्हणजे ट्रान्सफरसाठी लागणारा गुप्त संकेतांक, घ्यावा. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी आयकॅन या रजिस्ट्रारांना मान्यता देणाऱ्या जागतिक संस्थेच्या नियमांनुसार मागणी केल्यापासून पाच दिवसांत तो मिळायलाच हवा. जुन्या रजिस्ट्रारने ट्रान्सफरला उत्तरच दिले नाही, तरी पाच दिवसांनी ते आपोआप पूर्ण होते. अशा ट्रान्सफरमध्ये मुदत सामान्यतः एका वर्षाने वाढते. डॉट इनची रजिस्ट्री (त्या डोमेनांची मूळ नोंदवही) निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे, त्यामुळे तिचे नियम वेगळे पाहावेत.

कंपनी दुसऱ्या कोणाला विकली जात असेल, तर डोमेन आपोआप खरेदीदाराकडे जातात. गूगल डोमेन्सचे ग्राहक २०२३च्या व्यवहारानंतर असेच स्क्वेअरस्पेसकडे गेले. नव्या मालकाचे दर व सेवा पटत नसतील, तर तेथून पुढे जाता येते. कंपनीच नाहीशी झाली, तर आयकॅन तिच्याकडची डॉट कॉमसारखी सर्व डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे एकगठ्ठा सोपवते. तेव्हा आपली मालकी पटवणे हे नोंदीतील तपशिलावर अवलंबून असते, म्हणून नोंदणीच्या पावत्या आणि प्रायव्हसी सेवेआड दडलेले खरे तपशील आजच जपून ठेवावेत.

ट्रान्सफर झाल्यावर डोमेनची सार्वजनिक नोंद (हूइज किंवा त्याच्या जागी आलेले आरडॅप) पाहून मुदत व नेमसर्व्हर तपासावेत, पुन्हा लॉक लावावे, डीएनएससेक वापरत असल्यास नवी डीएस नोंद घालावी आणि ऑटो रिन्यूसाठी कार्डाचा तपशील नव्याने भरावा.