हार्टच्या रिसर्चसाठी हॉस्पिटलचे डायग्नोसिस कोड वापरताय? मग ते आधी असे तपासा

डेटातून आय२१ कोडचे (हार्ट अटॅकचा कोड) सगळे पेशंट काढले की हार्ट अटॅकचे पेशंट मिळाले, असं धरून चालू नका. कोड टाकणारा माणूस पेशंटला बघत नाही, तो फाइल वाचतो, आणि डॉक्टरने जे लिहिलंय त्यावरून कोड लावतो, तेही बऱ्याच ठिकाणी मुख्यतः बिलासाठी.

पहिलं काम म्हणजे नक्की काय मोजायचंय ते ठरवणं. आत्ता आलेले अटॅक, की कधीतरी अटॅक येऊन गेलेले लोक? आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या कोडच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आय२१ म्हणजे चार आठवड्यांच्या आतला अटॅक आणि जुना असेल तर आय२५.२. पुस्तकात हा फरक स्वच्छ आहे, फाइलमध्ये तसा नसतो. मी तपासलेल्या एका फाइलवर आय२१ होता, डिस्चार्ज समरीच्या पहिल्या ओळीत 'एमआय, अँजिओप्लास्टी झालेली' एवढंच (एमआय म्हणजे हार्ट अटॅक), आतली पानं उलटली तेव्हा कळलं की अटॅक तीन वर्षांपूर्वीचा होता आणि या वेळी पेशंट न्यूमोनियासाठी भरती झालेला. ट्रोपोनिन (हार्टच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन) दोनदा केलेलं, दोन्ही वेळा नॉर्मल. कोड लावणाऱ्याची चूक म्हणावी तर त्याच्यासमोरच्या ओळीत तारीखच नव्हती.

म्हणून फाइली उघडाव्याच लागतात. कोड असलेल्यांमधून रँडम फाइली काढा, हाताला लागतील त्या नको. किती काढायच्या हे खरंच महत्त्वाचं आहे: ५० पैकी ४५ बरोबर निघाल्या तर पीपीव्ही (कोड लागलेल्यांपैकी खरे किती) ९० टक्के दिसतो, पण ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादेत असू शकतो ती, साधारण ७९ ते ९६ येतो, म्हणजे फारसं काही कळलेलंच नसतं. २०० पैकी १८० निघाल्या तर तोच ९० टक्के, पण इंटरव्हल ८५ ते ९३.

फाइल उघडायच्या आधी 'खरा अटॅक' कशाला म्हणायचं ते लिहून ठेवा. २०१८ च्या चौथ्या युनिव्हर्सल डेफिनिशनप्रमाणे ट्रोपोनिन वाढताना किंवा उतरताना दिसायला हवं, निदान एक व्हॅल्यू निरोगी लोकांच्या ९९ व्या पर्सेंटाइलच्या वर हवी, आणि सोबत इस्केमियाचा (हार्टला रक्त कमी पडल्याचा) पुरावा हवा, म्हणजे लक्षणं, ईसीजीतले नवे बदल, इको किंवा अँजिओग्राफीत काही. नुसतं ट्रोपोनिन वाढलंय म्हणून हो म्हणू नका, किडनीच्या आजारात, सेप्सिसमध्ये, मायोकार्डायटिसमध्येही ते वाढतं. फाइल दोघांनी वेगवेगळी वाचायची, कोड काय आहे ते दोघांनाही दाखवायचं नाही (कोड दिसला की वाचणारा नकळत त्याच्याच बाजूने पुरावा शोधतो, हे मी स्वतः अनुभवलंय), मग कॅप्पा (दोघांची मतं किती जुळतात त्याचं माप) काढायचा आणि जिथे मत जुळत नाही तिथे तिसऱ्याकडे द्यायचं.

आता बहुतेकजण जिथे थांबतात ती जागा. पीपीव्ही सांगतो की कोड लागलेल्यांपैकी किती खरे. किती खरे पेशंट कोडविना सुटले ते तो सांगत नाही, त्यासाठी सेन्सिटिव्हिटी लागते, आणि ती काढायला कोड नसलेल्या फाइलीही उघडाव्या लागतात. सगळ्या उघडणं शक्य नाही, म्हणून संशयाच्या जागी जास्त सॅम्पल घ्या: छातीत दुखण्याचा आर०७, अंजायनाचा आय२०, ट्रोपोनिन वाढलेले पण हार्टचा कोड नसलेले. मात्र प्रत्येक गटातून वेगळ्या प्रमाणात फाइली घेतल्या असतील तर हिशेबात प्रत्येक गटाला त्याच्या खऱ्या आकाराप्रमाणे वजन द्यायला विसरू नका, नाहीतर आकडा सरळ चुकतो.

हार्ट फेल्युअरच्या आय५० मध्ये हे ठळक दिसतं. कोड असेल तर सहसा आजार असतो, पण पेशंट दुसऱ्याच कारणाने भरती झाला की फेल्युअर समरीत लिहिलंच जात नाही आणि तो सुटतो. फेल्युअरच्या पेशंटचा एक ग्रुप हवाय, तर हा कोड चालून जाईल, फक्त त्यात जास्त आजारी लोक भरलेले असतील हे लक्षात ठेवा. फेल्युअर किती लोकांना आहे हे मोजायचंय तर आकडा कमीच येणार.

कोड पहिल्या जागेवर आहे की खाली कुठेतरी, हेही वेगळं काढून बघा. पहिल्या जागेवरचेच घेतले की चुका सहसा कमी होतात पण पेशंटही गळतात.

आणि तारखा! अमेरिकेचा डेटा असेल तर १ ऑक्टोबर २०१५ ला आयसीडी-९ जाऊन आयसीडी-१०-सीएम (आयसीडी-१० ची अमेरिकेतली आवृत्ती) आलं, २०१७ च्या ऑक्टोबरपासून टाइप २ एमआयला (रक्तपुरवठा आणि हार्टची गरज यांचा मेळ बिघडून आलेला अटॅक) आय२१.ए१ हा वेगळा कोड मिळाला, म्हणजे 'आय२१ ने सुरू होणारं सगळं' घेतलंत तर तोही आत येतो. तिथे भरती पेशंटच्या डिस्चार्जला डॉक्टरने 'प्रोबेबल' लिहिलं तरी आजार असल्यासारखाच कोड लावायचा नियम आहे, ओपीडीत मात्र तसं चालत नाही. ग्राफ नेमका अशाच एखाद्या महिन्यात उडी मारत असेल तर आधी कोडिंगकडे बघा, मग आजाराकडे.

पेपरात कोडची पूर्ण यादी, जागा, किती दिवसांच्या आतले कोड धरले हे सगळं द्या, ॲनालिसिस एकदा कडक व्याख्येने आणि एकदा सैल व्याख्येने चालवून दोन्ही उत्तरं छापा. ज्या फाइली सापडल्याच नाहीत त्यांचा आकडाही लिहा, गुपचूप सॅम्पलमधून काढून टाकू नका, कारण दुसऱ्या हॉस्पिटलला हलवलेल्या किंवा लवकर दगावलेल्या पेशंटच्या फाइली त्यात असू शकतात.