स्क्रमची पहिली परीक्षा: कार्यालयातल्या सवयींमुळे होणाऱ्या चुका

स्क्रम म्हणजे छोट्या टीमने ठरावीक, छोट्या टप्प्यांत काम करत उत्पादन घडवण्याची पद्धत. तिच्यावरच्या पीएसएम-१ (प्रोफेशनल स्क्रम मास्टर) या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झालो, तेव्हा माझे ८० पैकी ६६ प्रश्न बरोबर आले होते. टक्केवारीत ते ८२.५ होतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ८५ टक्के, म्हणजे ६८ प्रश्न लागतात. त्या वेळी सॉफ्टवेअरच्या नोकरीत माझी सहा वर्षे झाली होती आणि आमच्याकडे जिला ‘स्क्रम’ म्हणत ती सकाळची बैठक मी एकदाही चुकवली नव्हती. नापास होण्याचे कारण हा अनुभवच होता, हे लक्षात यायला मात्र आणखी महिना गेला. आता गंगापूर रोडवरच्या एका अभ्यासिकेत रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण या परीक्षेच्या तयारीसाठी बसतो. त्यात पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे काम नाशिकच्या घरातून करणारे आहेत, नुकतेच अभियांत्रिकीची पदवी घेतलेले आहेत आणि अंबडच्या कारखान्यातल्या गुणवत्ता तपासणी विभागातून संगणक क्षेत्रात येऊ पाहणारा एक जणही आहे. प्रत्येकाच्या चुका वेगळ्या असतील अशी माझी अपेक्षा होती, पण त्या बहुतांशी सारख्याच निघाल्या.

परीक्षा कोणती, हे आधी ठरवा

गटात नव्याने येणाऱ्यांपैकी बरेच जण ‘स्क्रम मास्टरची परीक्षा’ एवढेच सांगतात (स्क्रम मास्टर म्हणजे टीम स्क्रम नीट पाळते ना हे पाहणारी व्यक्ती). प्रत्यक्षात नवशिक्यांसाठीच्या दोन परीक्षा प्रचलित आहेत आणि त्या दोन वेगळ्या संस्थांच्या आहेत. स्क्रम अलायन्सच्या सीएसएम (सर्टिफाइड स्क्रम मास्टर) या परीक्षेसाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचा अभ्यासवर्ग करणे सक्तीचे असते. तिच्यात ५० प्रश्नांपैकी ३७ बरोबर यावे लागतात आणि प्रमाणपत्राचे दर दोन वर्षांनी शुल्क भरून नूतनीकरण करावे लागते. स्क्रम डॉट ऑर्गच्या पीएसएम-१ साठी वर्गाची सक्ती नाही. शुल्क भरून थेट परीक्षा देता येते, ८० प्रश्नांना ६० मिनिटे मिळतात आणि प्रमाणपत्राला मुदत नसते. सीएसएमसाठी तयार केलेले सराव प्रश्न सोडवून पीएसएम-१ ला बसणाऱ्याला पेपर अनपेक्षितपणे अवघड वाटतो, कारण वेळ तितकाच असून प्रश्न ३० ने वाढलेले असतात आणि उत्तीर्णतेची रेषाही बरीच वर असते. पुढचे विवेचन मुख्यतः पीएसएम-१ विषयी आहे.

खरा अडथळा: ‘आमच्याकडे असे करतात’

या परीक्षेचा पाया म्हणजे केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी लिहिलेली ‘स्क्रम गाइड’ ही पुस्तिका. ती पंधरा पानांहूनही लहान आहे आणि स्क्रमगाइड्स डॉट ऑर्गवर मोफत मिळते. पुस्तिका इतकी छोटी असल्यामुळे अनुभवी माणूस ती एकदा चाळतो, त्यातले सगळे शब्द ओळखीचे वाटतात म्हणून बाजूला ठेवतो आणि परीक्षेत कार्यालयातली पद्धत आठवून उत्तरे देतो. माझे चौदा प्रश्न असेच गेले.

डेली स्क्रम या रोजच्या बैठकीचेच उदाहरण घ्या. बहुतेक कार्यालयांत ही बैठक म्हणजे व्यवस्थापकापुढे दिलेली हजेरी असते. काल काय केले, आज काय करणार, अडचण काय, असे प्रत्येकाने क्रमाने सांगायचे आणि स्क्रम मास्टरने ते टिपून घ्यायचे. पुस्तिकेनुसार ही १५ मिनिटे डेव्हलपर्सची, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या सदस्यांची आहेत. स्प्रिंट म्हणजे जास्तीत जास्त एक महिन्याचा कामाचा टप्पा. त्याच्या उद्दिष्टाच्या, म्हणजे स्प्रिंट गोलच्या दिशेने काम कितपत सरकले हे पाहून पुढच्या दिवसाची आखणी त्यांनी स्वतः करायची आणि बैठकीची पद्धतही त्यांनीच निवडायची. स्क्रम मास्टर किंवा प्रॉडक्ट ओनर (उत्पादनाची कोणती कामे आधी हवीत हे ठरवणारी व्यक्ती) स्प्रिंट बॅकलॉगमधले, म्हणजे त्या स्प्रिंटच्या कामांच्या यादीतले एखादे काम स्वतः करत असतील, तर ते डेव्हलपर म्हणून तिथे भाग घेतात. त्यामुळे बैठक कोणी चालवावी असे विचारल्यावर ज्याचा हात सवयीने स्क्रम मास्टरच्या पर्यायाकडे जातो, त्याचा गुण जातो.

काम वाटून देण्याबाबतही हेच होते. कोणते काम कोणी, केव्हा आणि कसे करायचे हे स्क्रम टीम स्वतः ठरवते आणि कामाचा आकार किती याचा अंदाज ते काम करणारे डेव्हलपर्स देतात. टीम लीडने वाटप केले, प्रकल्प व्यवस्थापकाने अंदाज बदलला किंवा वरिष्ठांनी अडचणीत मध्यस्थी केली, असे पर्याय परीक्षेत अगदी समंजस भाषेत लिहिलेले असतात आणि म्हणूनच फसवतात. पुस्तिकेत प्रकल्प व्यवस्थापक नावाची व्यक्तीच नाही, एवढे पक्के लक्षात ठेवले तरी तीन-चार प्रश्न सुटतात.

स्प्रिंट संपला आणि काम अर्धवट राहिले, तर आपण ते ‘कॅरी फॉरवर्ड’ म्हणून पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलतो आणि ‘नव्वद टक्के झाले आहे’ असे सांगून रिव्ह्यूमध्ये, म्हणजे स्प्रिंटअखेरच्या आढावा बैठकीत दाखवतोही. पुस्तिकेत ‘नव्वद टक्के’ असे काही नसते. डेफिनिशन ऑफ डन, म्हणजे काम ‘झाले’ म्हणण्यासाठीचे ठरलेले निकष, पूर्ण न करणारे काम ग्राहकाला देता येत नाही, स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये मांडताही येत नाही. ते प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये, म्हणजे उत्पादनाच्या सगळ्या बाकी कामांच्या यादीत परत जाते आणि पुढे त्याचा नव्याने विचार होतो. हा मुद्दा आमच्या गटात सर्वांत लवकर कळला तो अंबडच्या तपासणी विभागातल्या त्या सदस्याला, कारण मापात न बसलेला भाग ‘जवळजवळ बरोबर आहे’ म्हणून पुढे पाठवता येत नाही हे त्याच्या अंगवळणी पडलेले होते. बाकीच्यांना मी दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षांचे उदाहरण देतो. बाग कितीही देखणी असो आणि घडात साखर कितीही भरलेली असो, युरोपला जाणाऱ्या मालाचा कीटकनाशकांच्या अंशाचा तपासणी अहवाल योग्य आल्याशिवाय कंटेनर भरला जात नाही. तो अहवाल ही त्या मालाची डेफिनिशन ऑफ डन आहे, असे म्हटले की सहसा दुसरा प्रश्न येत नाही.

याच जातीच्या आणखी काही समजुती आहेत. ‘स्प्रिंट झीरो’ (सुरुवातीचा फक्त तयारीचा स्प्रिंट), शेवटी फक्त दोष काढण्यासाठी ठेवलेला वेगळा स्प्रिंट, स्टोरी पॉइंट्स (कामाच्या आकाराचे अंदाजी गुण) किंवा युझर स्टोरी (वापरणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेली गरज) यांपैकी काहीही स्क्रमने सक्तीचे केलेले नाही. तयार झालेले इन्क्रिमेंट, म्हणजे उत्पादनात पडलेली वापरण्याजोगी भर, स्प्रिंट संपण्याआधीही ग्राहकाला देता येते, त्यासाठी रिव्ह्यूच्या परवानगीची वाट पाहायची नसते. स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरला आहे आणि तोही स्प्रिंट गोल कालबाह्य झाला तरच. अनेक टीम एकाच उत्पादनावर काम करत असल्या तरी प्रॉडक्ट बॅकलॉग एकच असतो आणि प्रॉडक्ट ओनरही एकच. हा शेवटचा मुद्दा मोठ्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना पटतच नाही. माझे सांगणे असे की, तो पटवून घेण्याची गरज नाही. परीक्षा तुमच्या कंपनीविषयी नसते.

माझा उपाय साधा होता. वहीच्या डाव्या पानावर ‘आमच्याकडे’ आणि उजव्या पानावर ‘पुस्तिकेत’ असे लिहून मी आमची प्रत्येक बैठक, प्रत्येक भूमिका आणि प्रत्येक सवय मांडली. जिथे दोन्ही पाने जुळली नाहीत, नेमके तेवढेच पाठ केले.

जुन्या नोट्स आणि फुकटचे प्रश्नसंच

सध्याची पुस्तिका नोव्हेंबर २०२० ची आहे. मित्राकडून आलेल्या किंवा शिकवणीत वाटलेल्या नोट्स त्याआधीच्या असतील तर त्या कशा ओळखायच्या? ‘डेव्हलपमेंट टीम’ हा शब्द, डेली स्क्रमचे तीन ठरावीक प्रश्न आणि ‘सेल्फ-ऑर्गनायझिंग’ हे विशेषण या तिन्ही गोष्टी २०२० मध्ये गेल्या. त्यांच्या जागी डेव्हलपर्स आणि ‘सेल्फ-मॅनेजिंग’ आले. प्रॉडक्ट गोल, म्हणजे उत्पादनाचे दूरचे उद्दिष्ट, नव्याने आला, आणि प्रॉडक्ट बॅकलॉगला प्रॉडक्ट गोल, स्प्रिंट बॅकलॉगला स्प्रिंट गोल व इन्क्रिमेंटला डेफिनिशन ऑफ डन अशी बांधिलकीची जोडी लावली गेली. या तीन जोड्या ज्या नोट्समध्ये नाहीत, त्या रद्दीत घालाव्यात.

समाजमाध्यमांवरच्या गटांत ‘खऱ्या परीक्षेतले प्रश्न’ म्हणून फिरणाऱ्या फायलींविषयी मी अधिक कडवट आहे. असे प्रश्न मिळवणे आणि पुढे पाठवणे परीक्षेच्या नियमांना धरून नाही, हे तर आहेच. शिवाय मी पाहिलेल्या फायलींत चुकीची उत्तरे इतक्या आत्मविश्वासाने छापली होती की, ती पाठ करणाऱ्याने न वाचता गेलेले बरे. त्यापेक्षा स्क्रम डॉट ऑर्गवरची ‘स्क्रम ओपन’ ही ३० प्रश्नांची मोफत चाचणी पुन्हा पुन्हा द्यावी. इथेही एक फसगत होते. प्रश्न फिरून तेच येऊ लागले की शंभर टक्के गुण मिळतात आणि तयारी झाल्याचा भास होतो. म्हणून प्रत्येक उत्तराला पुस्तिकेतले कोणते वाक्य आधार देते, ते बोट ठेवून दाखवता येईपर्यंत त्या गुणांवर विश्वास ठेवू नये.

पेपर सोडवताना

एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद मिळतात. ‘करायलाच हवे’, ‘करावे’ आणि ‘करता येते’ यांतला भेद इंग्रजी प्रश्नात एकेका शब्दावर असतो, आणि घाईत वाचणाऱ्याला तोच दिसत नाही. काही प्रश्नांत दोन किंवा तीन पर्याय निवडायचे असतात, तर काहींत लागू न पडणारा पर्याय शोधायचा असतो. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी सरावाच्या वेळी असे शब्द मोठ्याने वाचावेत, त्याचा उपयोग होतो. टाइमबॉक्सचे, म्हणजे बैठकांच्या कमाल वेळेचे आकडेही नीट लक्षात हवेत. एक महिन्याच्या स्प्रिंटसाठी प्लॅनिंगला जास्तीत जास्त ८ तास, रिव्ह्यूला ४ आणि रेट्रोस्पेक्टिव्हला (कामाची पद्धत कशी सुधारायची याच्या बैठकीला) ३ तास असतात. स्प्रिंट लहान असेल तर या बैठका सहसा लहान होतात, पण डेली स्क्रम १५ मिनिटांचीच राहते. अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जावे आणि शेवटची दहा मिनिटे खुणा केलेल्या प्रश्नांसाठी राखावीत.

वीज, केबल आणि बँकेचे कार्ड

शुल्क डॉलरमध्ये भरायचे असते आणि आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहारांची सोय बहुधा सुरुवातीला बंद असते. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती आदल्या दिवशीच सुरू करावी आणि चलन बदलण्याचा जादा आकार लागेल हे धरून चालावे. परीक्षेसाठी मिळणाऱ्या पासवर्डला मुदत नसते, म्हणून पैसे भरले त्याच रात्री बसण्याची घाई करू नये. पासवर्ड एकाच प्रयत्नापुरता चालतो, हे मात्र विसरू नये.

परीक्षा घरून द्यायची असल्यामुळे बाकीचा धोका नाशिकचा आहे. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता खोदला जातो तेव्हा ब्रॉडबँडची केबल तुटू शकते, आणि महावितरणचा देखभालीसाठीचा बंद कधीही आपल्या वेळेवर येऊ शकतो. राउटर इन्व्हर्टरवर आहे का ते स्वतः वीज बंद करून पाहावे, कारण अनेक घरांत इन्व्हर्टरवर फक्त दिवे-पंखे जोडलेले असतात. मोबाइलचे हॉटस्पॉट लॅपटॉपला आधीच जोडून तपासावे. संपर्क तुटला तर घड्याळ थांबेल असे गृहीत न धरता त्याच खात्याने लगेच परत आत शिरावे. आमच्या गटातल्या एकीची वीज पेपरच्या चाळिसाव्या मिनिटाला गेली होती. हॉटस्पॉट तयार असल्यामुळे तिचे दीड मिनिट गेले, एवढेच.

नापास झाल्यास

निकालाबरोबर विषयवार टक्केवारी येते. ती बाजूला टाकून पुन्हा सगळी पुस्तिका पहिल्यापासून वाचायला घेणे ही शेवटची, आणि मीही केलेली, चूक. माझ्या निकालात घटना (स्प्रिंट आणि त्यातल्या बैठका) आणि टाइमबॉक्स यांवरचे गुण उत्तम होते आणि स्क्रम टीमच्या जबाबदाऱ्यांवरचे सर्वांत कमी. तरीही मी दोन आठवडे टाइमबॉक्सच घोकत बसलो, कारण ते सोपे होते. दुसऱ्या वेळी वहीतली फक्त ती न जुळणारी पाने काढली, प्रत्येक सवयीसमोर निर्णय कोणाचा असतो ते लिहिले आणि आठ दिवसांनी परीक्षा दिली. तेव्हा ८० पैकी ७५ बरोबर आले.