व्हर्च्युअल जगात कम्युनिटी रेडिओ: ऑन एअर जाण्याआधीची तयारी

सेकंड लाइफ या ऑनलाइन व्हर्च्युअल जगात आपल्या ग्रुपचा रेडिओ सुरू करायचाय म्हटलं की बहुतेक जण आधी माइक बघतात, मग सुंदर स्टुडिओ बांधायला घेतात, पण सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट ही की स्टेशन कोणाच्या नावावर आहे, आणि हे तोंडी नाही तर सेटिंगमध्ये. आमच्या पहिल्या स्टेशनचं इथेच अडलं. जमीन एका मित्राच्या नावावर, सर्व्हरचा ऍडमिन पासवर्डही त्याच्याचकडे, आणि सर्व्हर बदलायची वेळ आली तेव्हा घरच्या आजारपणामुळे तो नऊ दिवस लॉगइनच करू शकला नाही. त्याचा काही दोष नव्हता, आम्ही सगळ्यांनीच सगळं एका माणसावर टाकलं होतं. ते नऊ दिवस लोक यायचे, डान्स फ्लोअरवर उभे राहायचे, चॅटमध्ये "आवाज येतोय का कुणाला?" विचारायचे आणि निघून जायचे. नेहमीची एक श्रोती रोज यायची, पाच मिनिटं बसायची आणि जायची, ते अजून डोळ्यासमोर आहे.

तर जमीन ग्रुपला डीड करा, म्हणजे ग्रुपच्या नावावर करा, आणि निदान तिघांना असा रोल द्या ज्यात पार्सलचा (जमिनीच्या तुकड्याचा) म्युझिक यूआरएल, म्हणजे गाणं जिथून येतं तो पत्ता, बदलता येतो. स्क्रिप्टने यूआरएल बदलणारा बोर्ड लावणार असाल तर तो बोर्डपण ग्रुपला डीड करावा लागतो, कारण ती कमांड ऑब्जेक्टचा मालक आणि जमिनीचा मालक एकच असेल तरच चालते, हे माहीत नसल्यामुळे लोक तासन्‌तास स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसतात. सर्व्हरचा ऍडमिन पासवर्ड दोघांकडे. डीजेंना मात्र तो द्यायचा नाही, त्यांना फक्त सोर्सचा, म्हणजे सर्व्हरला आवाज पाठवण्यापुरता पासवर्ड, आणि जमलं तर प्रत्येकाला वेगळा, म्हणजे कोणी ग्रुप सोडून गेलं तर बाकीच्यांचं काही बदलावं लागत नाही.

आता सर्व्हर. गाणं त्या जगाच्या सर्व्हरवरून येत नाही हे टीममधल्या प्रत्येकाला समजावून सांगा, पार्सलवर फक्त पत्ता लिहिलेला असतो आणि ऐकणाऱ्याचा व्ह्यूअर (ज्या प्रोग्रॅममधून तो हे जग बघतो तो) थेट आपल्या स्ट्रीमिंग सर्व्हरला जोडला जातो. त्यामुळे रीजन (त्या जगातला आपला भाग) लॅग झालं, म्हणजे हळू चालायला लागलं, तरी गाणं अडखळत नाही, आणि गाणं अडखळलं तर रीजन रीस्टार्ट करून काही होणार नाही. स्ट्रीमिंग सर्व्हरचं सॉफ्टवेअर म्हणून शाउटकास्ट किंवा आइसकास्ट, दोन्ही चालतात, आइसकास्ट मोफत आणि ओपन सोर्स आहे, आणि सगळं एका पॅनलमधून हवं असेल तर अझुराकास्ट आहे. फॉरमॅट एमपी३च ठेवा, एएसी कितीही चांगलं वाटलं तरी कुठल्यातरी व्ह्यूअरवर वाजणार नाही आणि तो माणूस तुम्हाला सांगणारही नाही, नुसता निघून जाईल. १२८ केबीपीएस पुरतं. हिशोब सोपा आहे, १२८ केबीपीएस म्हणजे एका श्रोत्यामागे तासाला साधारण ५८ एमबी, ४० श्रोते असतील तर सर्व्हरमधून सतत पाच एमबीपीएसच्या थोडं वर जाणार, आणि तेच ४० जण दिवसभर राहिले तर ५५ जीबी. होस्टिंग घेताना किती श्रोते चालतील आणि महिन्याचा डेटा किती, हे दोन आकडे आधी विचारा. श्रोत्यांची मर्यादा भरली की पुढच्याला नुसती शांतता ऐकू येते, व्ह्यूअर कारण सांगत नाही.

ज्यासाठी मी सगळ्यात जास्त आग्रह धरतो ती गोष्ट म्हणजे स्वतःचं डोमेन. पार्सलवर सर्व्हरचा आयपी किंवा होस्टिंगवाल्याने दिलेला पत्ता टाकू नका, आपल्या डोमेनखालचा पत्ता टाका. कारण स्टेशन लोकांना आवडलं की ते तुमचा यूआरएल आपापल्या घरात, दुकानात, बागेत लावतात, आणि उद्या सर्व्हर बदलला तर त्या सगळ्यांना शोधून निरोप देणं शक्यच नाही. डोमेन आपलं असेल तर पाठीमागे फक्त डीएनएस (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं ती नोंद) बदलायचं, पोर्ट आणि माउंटचं (सर्व्हरवरच्या प्रवाहाचं) नाव तेच ठेवायचं, पाच वर्षांपूर्वी कुणी बागेत लावलेला रेडिओसुद्धा वाजत राहतो.

मग ऑटोडीजे, म्हणजे डीजे नसताना आपोआप गाणी वाजवणारा प्रोग्रॅम, आणि हा पहिल्या लाइव्ह शोच्या आधी. आइसकास्टमध्ये मुख्य माउंटला फॉलबॅक देता येतो, लाइव्ह डीजे गेला की श्रोते आपोआप ऑटोडीजेच्या माउंटवर जातात, आणि ओव्हरराइड चालू ठेवलं तर डीजे परत आल्यावर तसेच परत येतात. दोन्ही माउंटचा फॉरमॅट, बिटरेट आणि सॅम्पल रेट एकच ठेवा, एकाचा सॅम्पल रेट ४४,१०० हर्ट्झ आणि दुसऱ्याचा ४८,००० असं झालं की काहींचा आवाज तिथेच बंद पडतो आणि त्यांना प्लेचं बटण परत दाबावं लागतं. ऑटोडीजेची प्लेलिस्ट नीट मन लावून करा, रात्री तीनला एकटा बसून ऐकणाऱ्यासाठी तेच आपलं स्टेशन असतं. मध्ये मध्ये डीजेंच्या आवाजातल्या छोट्या ओळखी रेकॉर्ड करून टाका, माणसाचा आवाज असला की फरक पडतो.

गाण्यांचे हक्क हा विषय टाळू नका. गाण्याच्या रचनेचे हक्क वेगळे आणि रेकॉर्डिंगचे वेगळे, आणि व्हर्च्युअल जगात आहोत म्हणून दोन्हीतून सुटका नाही. २०१५ संपताना अमेरिकेत छोट्या वेबकास्टरांसाठीची सवलतीची रॉयल्टी संपली आणि जानेवारी २०१६ च्या शेवटी इंटरनेट रेडिओ होस्ट करणारं लाइव्ह३६५ बंद पडलं, नंतर ते परत सुरू झालं पण तोवर त्याच्या भरवशावर चालणाऱ्या कितीतरी छोट्या स्टेशनांना एकदम दुसरीकडे जागा शोधावी लागली. म्हणून एकतर लायसन्ससकट सेवा देणारा होस्ट घ्या, नाहीतर क्रिएटिव्ह कॉमन्सचं (ठराविक अटींवर मोफत वापरता येणारं) संगीत आणि आपल्याच जगात लाइव्ह गाणाऱ्या कलाकारांची लेखी परवानगी, आणि ती परवानगी कुठेतरी साठवून ठेवा. जागेवर टिप जार (बक्षिसाचे पैसे टाकायचं भांडं) असेल तर ज्या गाण्याच्या लायसन्समध्ये व्यावसायिक वापराला मनाई आहे ते वाजवू नका.

डीजेंच्या तयारीत नेटच्या स्पीडची भीती आधी काढून टाका, डीजे एकच १२८ चा प्रवाह वर पाठवतो, श्रोते वाढले तरी त्याच्यावर भार येत नाही. वायफायऐवजी केबल लावा एवढंच. आवाज सर्व्हरला पाठवायला मिक्स (Mixxx) आणि बट (BUTT) हे दोन्ही प्रोग्रॅम मोफत आहेत, मिक्समध्ये (Mixxx) रीप्लेगेन चालू करा म्हणजे एक गाणं हळू आणि दुसरं कानात ओरडणारं असं होणार नाही. बोलताना मीटर लालमध्ये जाऊ देऊ नका. शोच्या वेळी त्याच मशीनवर व्ह्यूअरही चालतो, म्हणून ग्राफिक्स कमी करा, ड्रॉ डिस्टन्स (किती लांबपर्यंतचं दिसतं ते) ६४ मीटरवर आणा, मशीन अगदीच जुनं असेल तर रॅडेगास्टसारखा टेक्स्ट क्लायंट वापरा. आणि स्वतःच्या व्ह्यूअरमधलं म्युझिक बंद! नाहीतर वीसएक सेकंदांपूर्वीचा आपलाच आवाज हेडफोनमध्ये येतो आणि नवीन माणूस तिथे पार गोंधळून जातो.

हा उशीर शोच्या आखणीतही धरा. प्रत्येकाचा बफर वेगळा, कोणाला दहा सेकंदांनी ऐकू येतं तर कोणाला तीस. प्रश्न विचारलात तर खाली हळू संगीत ठेवून बोलत राहा, उत्तरं चॅटमध्ये येतील पण लगेच नाही येणार. नवीन वर्षाचं काउंटडाउन आवाजावर करू नका, ते चॅटमध्ये किंवा जागेवरच्या बोर्डवर करा, तिथे सगळ्यांना जवळपास एकाच वेळी दिसतं.

डीजे बदलतानाची अदलाबदल दोनदा तरी प्रॅक्टिस करा. एका माउंटवर एका वेळी एकच सोर्स बसतो, पहिला सुटल्याशिवाय दुसरा जोडला जात नाही. आमच्याकडे असं चालतं: जाणारा डीजे शेवटचं गाणं लावतो आणि डीजेंच्या चॅटमध्ये "शेवटचं, चार मिनिटं" टाकतो, येणारा "तयार" म्हणतो आणि त्याचं पहिलं गाणं आधीच लोड करून ठेवतो, गाणं विरत आलं की जाणारा "सोडलं" टाइप करून डिस्कनेक्ट होतो आणि दुसरा त्याच क्षणी कनेक्ट दाबतो. मधले दोन-तीन सेकंद ऑटोडीजे वाजतो, तिथे छोटी जिंगल लागावी एवढं बघायचं. येणारा जोडला गेला की नाही हे तिसऱ्याने बघायचं, त्या दोघांनी नाही, त्यांना ते कळतच नाही.

वेळापत्रक एसएलटीमध्येच (सेकंड लाइफ टाइम) लिहा, म्हणजे अमेरिकेची पॅसिफिक वेळ, आणि लक्षात ठेवा की ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलते, युरोपची त्याच तारखांना बदलत नाही, आणि कित्येक देशांत घड्याळ बदलतच नाही. त्या आठवड्यांत ग्रुप नोटीस दोनदा पाठवा, नाहीतर निम्मे श्रोते तासभर उशिरा येऊन विचारतात शो झाला का.

ऐकू न येणाऱ्यांसाठी बोललेलं लोकल चॅटमध्ये टाइप करणारा एक माणूस ठेवा, साधं चॅट २० मीटरपर्यंतच पोचतं म्हणून त्याची खुर्ची प्रेक्षकांच्या मधोमध. हे काम मोठं आहे, त्याचं नाव डीजेबरोबर लिहा. सर्व्हरच्या लॉगमध्ये श्रोत्यांचे आयपी ऍड्रेस जमा होतात, ते कोण बघतं हे ठरवा आणि ठराविक दिवसांनी पुसा, लोक अवताराच्या नावाने आपल्याकडे येतात त्यांची खरी ओळख आपल्यामुळे बाहेर जाता कामा नये. जागेवर परक्यांना ऑब्जेक्ट टाकायची परवानगी बंद, आणि प्रत्येक शोला बॅन करायचा अधिकार असलेला एकजण हजर.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पाच जणांना वेगवेगळ्या व्ह्यूअरवरून बोलवा, त्यात एक असा हवा ज्याने आजवर म्युझिकचं बटण दाबलेलंच नाही, त्याला ते कुठे सापडतं ते बघा आणि तेच शब्द वापरून दारातल्या पाटीवर लिहा. मग लाइव्ह सोर्स मुद्दाम बंद करा आणि कोणाकडे आवाज राहिला, कोणाकडे गेला, प्रत्येकाला नाव घेऊन विचारा. ज्याच्याकडे गेला त्याचा व्ह्यूअर लिहून घ्या, माउंटची सेटिंग तपासा आणि परत बंद करून बघा.