गॅलरी कशामुळे भरते, हे कसे शोधावे

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे फुटबॉल संघ समोरासमोर आले की तासभर आधी निघालेल्यालाच गॅलरीत बरी जागा मिळते. मैदान तेच, तिकीटही तेच, तरी प्रत्येक सामन्याला अशी गर्दी होत नाही. त्यामुळे प्रेक्षक कमी झाले की लगेच तिकीटदर उतरवण्याची घाई संयोजकांनी करू नये. व्यावसायिक साखळी स्पर्धांच्या अभ्यासांतही दर थोडा बदलल्याने गर्दीत फारसा फरक पडत नाही, असेच बहुधा आढळले आहे.

आधी एक वही घालावी आणि निदान एक पूर्ण हंगाम ती नेमाने लिहावी. वार, सामन्याची वेळ, हवामान, दोन्ही संघांचे गुणतक्त्यातील स्थान, थेट प्रक्षेपण आणि परीक्षांचे दिवस यांची नोंद करावी. विकलेली तिकिटे म्हणजे हजेरी नव्हे; हंगामी पास घेतलेले अनेकजण येत नाहीत, म्हणून मध्यंतरात गॅलरीचे भाग पाडून डोकी मोजावीत.

नंतर एकेक कारण वेगळे काढावे. रविवारचा सामना बुधवारच्या सामन्याशी ताडून पाहायचा, तर दोन्हीकडे तुल्यबळ संघ असले पाहिजेत, नाहीतर वाराचे श्रेय संघांना आणि संघांचे वाराला जाते.

सर्वांत अवघड कारण म्हणजे चुरस. निकाल अनिश्चित असेल तर प्रेक्षक वाढतात, हा विचार अर्थशास्त्रज्ञ सायमन रॉटेनबर्ग यांनी 1956 मध्ये बेसबॉलच्या संदर्भात मांडला. फुटबॉलमध्ये मात्र तो दर वेळी खरा ठरलेला नाही, कारण पुष्कळ लोक आपला संघ जिंकताना किंवा मोठा संघ खेळताना पाहायला येतात. माझ्या मते पेठेची ईर्षा याहून प्रबळ असते. 13 जुलै 1997 रोजी कोलकात्यात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या फेडरेशन चषक उपांत्य सामन्याला सुमारे 1,31,000 प्रेक्षक होते, ते अशाच जुन्या वैरापोटी. मात्र ही ईर्षा हुल्लडबाजीवर गेली की कुटुंबे पाठ फिरवतात, म्हणून दोन्ही समर्थकांची प्रवेशद्वारे वेगळी ठेवावीत आणि महिलांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह असावे.

शेवटी, जे आले नाहीत त्यांना तालमीच्या कट्ट्यावर जाऊन विचारावे. गॅलरीत बसलेल्यांकडून हे उत्तर मिळणार नाही.