अल्गोलचे निरीक्षण जुळत नाही? या चुका टाळा

ययाती तारकासमूहातील अल्गोल हा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि तो कधी मंद होणार हे आधीच सांगता येते. तरीही पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत निराश झालेले निरीक्षक पुष्कळ भेटतात. त्यांच्या नोंदी तपासल्या, की चूक बहुधा घड्याळात किंवा तुलनेसाठी निवडलेल्या ताऱ्यात सापडते.

अल्गोल म्हणजे प्रत्यक्षात एकच ठिपका भासणारे तीन तारे. एरवी तो २.१ प्रतीचा असतो (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप; तेज कमी तितका आकडा मोठा). दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्यातील तेजस्वी ताऱ्यासमोर एक मोठा पण मंद जोडीदार येतो, ग्रहण लागते आणि एकूण प्रकाश ३.४ प्रतीपर्यंत उतरतो. हौशी इंग्रज खगोलनिरीक्षक जॉन गुडरिक याने १७८३ मध्ये या नियमित चढउताराचा कालावधी मोजला आणि ग्रहणाची कल्पना मांडली. जर्मन खगोलशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल याने १८८९ मध्ये वर्णपटाच्या आधारे तिला दुजोरा दिला. ग्रहण सुमारे दहा तास चालते, म्हणजे जवळजवळ ६९ तासांच्या चक्रात तारा बहुतांश वेळ जसाच्या तसा असतो. रोज रात्री नऊ वाजता दोन मिनिटे पाहून ‘फरक नाही’ असे लिहिणाऱ्याच्या पदरी म्हणूनच काही पडत नाही.

सर्वांत महाग पडते ती कालगणनेतील घाई. आवर्तनकाल साधारण २.८६७३ दिवसांचा आहे. तो सोयीसाठी २.८७ दिवस धरला, तर प्रत्येक फेरीत जेमतेम चार मिनिटांची चूक होते आणि ती क्षुल्लक वाटते. पण वर्षभरात सुमारे १२७ फेऱ्या होतात आणि चूक आठ तासांच्या पुढे जाते, म्हणजे ग्रहण सुटून गेल्यावर आपण अंगणात उभे राहतो. गेल्या वर्षीच्या नोंदीवरून पुढची वेळ काढणाऱ्यांनी शेवटचा दशांश गाळू नये. शिवाय ग्रहणांच्या छापील कोष्टकातील वेळ बहुधा सार्वत्रिक वेळेत (म्हणजे ग्रिनिचच्या वेळेत) असते. ती स्थानिक वेळेत बदलताना तास बरोबर घेतले जातात आणि तारीख मात्र तीच राहते. पूर्वेकडील रेखांशांवर १२ तारखेच्या रात्रीची नोंद १३ तारखेच्या पहाटेची ठरते, हे विसरल्यास संपूर्ण रात्र वाया जाते. एक सोपा पडताळा असा : रात्री १ वाजता मंदतम अवस्था दिसली असेल, तर पुढची संधी तीन रात्रींनी, ९ वाजून ४९ मिनिटांनी येते. दर वेळी ती सुमारे तीन तास अलीकडे सरकते.

दुसरी चूक तुलनेची. माझ्या सुरुवातीच्या नोंदींत एका रात्री अल्गोल ‘शेजारच्या ताऱ्यापेक्षा बराच तेजस्वी, तरी कालच्यापेक्षा कमी’ असे लिहिलेले आहे, आणि तो शेजारचा तारा होता ऱ्हो पर्सेई, म्हणजे ययातीतीलच ऱ्हो. ऱ्हो स्वतःच लालसर रूपविकारी (तेज बदलणारा) तारा आहे आणि त्याची प्रत ३.३ ते ४.० यांच्या दरम्यान बदलत राहते. फुटपट्टीच ताणली जात असेल, तर मोजमाप काय कामाचे? त्याऐवजी देवयानीतील गॅमा (सुमारे २.१), ययातीतील एप्सिलॉन (२.९) आणि त्रिकोणातील अल्फा (३.४) हे तारे घ्यावेत. अंदाज असा करावा : अल्गोल एप्सिलॉनपेक्षा मंद आणि त्रिकोणातील अल्फापेक्षा तेजस्वी दिसत असेल, आणि या दोघांमधील अंतराचे पाच भाग केल्यास तो एप्सिलॉनपासून तीन भाग खाली वाटत असेल, तर प्रत ३.२ येते. तेज कमी तितका आकडा मोठा, हा उलटा हिशेब नवख्यांना हमखास फसवतो.

एकाच नजरेने निकाल देऊ नये. ग्रहणाच्या पहिल्या तासाभरात उतार इतका हळू असतो की डोळ्याला तो जाणवतच नाही. खरी घसरण मध्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत दिसते. दर पंधरा मिनिटांनी अंदाज लिहावा, आधीची नोंद झाकून ठेवावी आणि कोष्टकातील वेळ शक्यतो दुसऱ्या कोणाला सांभाळायला द्यावी, कारण मंद होणार हे माहीत असले की तारा मंद दिसू लागतो.

तारा क्षितिजालगत असताना केलेली नोंद बाजूला ठेवावी. १० अंश उंचीवर वातावरण डोक्यावरच्या आकाशाच्या तुलनेत साधारण एक प्रत प्रकाश गिळते, आणि तुलनेचे तारे वेगळ्या उंचीवर असले तर सगळाच गोंधळ होतो. कॅमेरा वापरणाऱ्यांनी स्वयंचलित एक्सपोजर बंद ठेवावे आणि ताऱ्याचा मध्य पांढराफटक होऊ देऊ नये.

दुर्बिणीतून तीन तारे वेगळे दिसतील, ही अपेक्षाही सोडावी. ग्रहण लावणारे दोन तारे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की सामान्य दुर्बिणीला तो एकच ठिपका असतो. तिसरा तारा या जोडीभोवती सुमारे ६८० दिवसांत फिरतो. तेज उतरण्याशी त्याचा संबंध नाही, परंतु त्याच्या ओढीने जोडी पुढे-मागे होते आणि ग्रहणाची वेळ काही मिनिटांनी सरकते. पृथ्वी कक्षेत कुठे आहे यावरूनही सात-आठ मिनिटांपर्यंत फरक पडतो, आणि कोष्टकात सूर्यकेंद्री (सूर्यावरून पाहिल्यास येणारी) वेळ दिली असल्यास तो जमेस धरावा लागतो. म्हणून नोंद दहा मिनिटांनी चुकली, तर तिसऱ्या ताऱ्याला जबाबदार धरण्यापूर्वी ही दुरुस्ती आणि स्वतःच्या नोंदींमधील पंधरा मिनिटांचे अंतर आधी तपासावे.